कपाट होईपर्यंत

४ जानेवारी, रविवार

ही डायरी दवाखान्यात औषध कंपनीच्या माणसाने दिली. डॉक्टरांना जाड पुठ्ठ्याची मिळाली, मी पडले रिसेप्शनिस्ट, मला ही, प्रत्येक पानाखाली पित्ताच्या गोळीची जाहिरात असलेली. रेमंड म्हणाला, "लिहीत जा गं. मला दहा वेळा सांगतेस ते एकदा हिला सांग." नवऱ्याचे कान वाचावेत म्हणून लिहायला बसले आहे.

तर आजची बातमी. आय थांबतेय.

सकाळी देवळातून मिस्सा करून आलो तर हिने पिशवी बाहेर काढलेली. तिची ती निळी पिशवी आल्यापासून भरलेलीच असते, रोजचे कपडेसुद्धा त्यातूनच काढते आणि त्यातच घडी करून ठेवते. नोव्हेंबरात अर्नाळ्याच्या घरी ती मोरीत घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. शेजारची पॉलिन वाटीभर कालवण द्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ पडून राहिली असती देव जाणे. तेव्हापासून आमच्याकडे आचोळ्याला आहे. आता प्लास्टर निघालं, नाताळ झाला, आमची लेक अमिषा सुट्टी संपवून बंगळुरूला हॉस्टेलवर गेली. म्हणजे आयकडे राहायला कारण उरलं नाही. आमच्यात आई लेकीकडे राहते ती कामासाठी. बाळंतपण, दुखणं, लग्न. काम झालं की पिशवी उचलायची. जावयाच्या घरी बसून खाल्लं तर लोक बोलतात, आणि लोक नाही बोलले तर आय स्वतःच स्वतःला बोलते.

राहा म्हणून मी तिला सांगणार नाही. बा गेला तेव्हा एकदा सांगून बघितलं होतं. "मना काय धाड भरलीय?" म्हणाली आणि आठवडाभर फोन उचलला नाही. पण त्या मोरीत तिला एकटीला परत पाठवायचं नाही. म्हणून मी डोकं लढवलं. काल पॉलिनच्या जॉयलला सांगून त्याच्या टेम्पोतून आयचं आरशाचं कपाट इथे आणवलं. तिच्या लग्नात होड्या बांधणाऱ्या सुताराने केलेलं, सागवानी, चार खणांचं. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी मागच्या खोलीत शिरलं, तेव्हापासून त्याचे पाय फुगलेत आणि पॉलिश पोपड्यांनी सुटतंय.

"याला नवं करते," मी म्हटलं. "तुझी वस्तू आहे, तू समोर बस."

तिने कपाटाला चारी बाजूंनी बघितलं. "कपाट होईपर्यंत थांबते," म्हणाली. "पन राखेच्या बुधवारी मी आपल्या देवळात पायजे. आपल्या फादरच्या हातची राख."

राखेचा बुधवार, कपाळाला राख लावून आमचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, अठरा फेब्रुवारीला आहे. तोवर कपाट असं देखणं करीन की ते परत त्या खाऱ्या हवेत न्यायला तिचाच जीव होणार नाही. कपाट राहिलं की आय राहिली. हा माझा बेत. रेमंडला सांगितला तर तो नुसता हसला.

७ जानेवारी, बुधवार

दवाखाना सकाळी दहा ते दोन आणि परत संध्याकाळी. मधली दुपार कपाटाची. ते हॉलमध्ये मावत नाही, बाल्कनीत मावत नाही, म्हणून दारात अडलेल्या म्हशीसारखं अर्धं आत अर्धं बाहेर उभं आहे. येताजाता आडवं व्हावं लागतं. रेमंडच्या मांडीला कोपरा लागून काळंनिळं झालंय.

ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला घेतलं. घरभर लाकडाचा भुसा, डाळीतसुद्धा. आय स्टुलावर बसून मनगटाला खोबरेल तेल चोळते, फिजिओथेरपीवालीने सांगितलंय तसं, आणि माझ्या चुका काढते.

"रेघेरेघेनं घास. आडवं काय घासतेस, पायाची टाच हाय का ती?"

मी म्हटलं, तूच घास मग. तर तिने खरंच डाव्या हाताने पेपर घेतला आणि एक फळी इतकी छान काढली की मला राग आला.

११ जानेवारी, रविवार

घासून झालं. आतून मधासारखं पिवळं लाकूड निघालं. आय बराच वेळ हात फिरवत होती. हा रंग लग्नाच्या आदल्या दिवशी बघितला होता म्हणे, त्यानंतर आज.

मग तिला मोबाईलवर मी बघून ठेवलेला कपाट रंगवायचा व्हिडिओ दाखवला. सगळ्यात खालचा खण गडद कॉफीसारखा, त्यावरचा जरा फिका, असं करत करत वरचा खण जवळजवळ लाकडाच्याच रंगाचा. कुठे एक रंग संपला आणि दुसरा सुरू झाला ते कळता कामा नये, ओल्या फडक्याने सांधे पुसून एकात एक मिसळायचे. मी तर हरखून गेले होते.

आय म्हणाली, "हे तं उधानाचं पानी चढल्यासारखं दिसतंय. आपलं होतंच की तसं. उगीच घासलंस."

समोरच्या आशालता वहिनी आल्या होत्या, त्या गुहागरच्या, त्यांना सगळं छान वाटतं. त्याही म्हणाल्या, "अगंबाई, हे मुद्दाम असं करतात?" दोघी हसल्या. हसा.

मी मात्र आयला बजावून सांगितलं, की आता लाकूड उघडं आहे, तेलाचा हात लावायचा नाही. तेल लागलं की रंग लाकडात शिरत नाही, वरच्यावर डाग पडतात, तो व्हिडिओतला माणूस तीन वेळा सांगतो.

"तेल लागलं तं सगळं परत घासावं लागतं?" तिने विचारलं.

"सगळं," मी म्हटलं. निदान ऐकून तरी घेतलं तिने.

१३ जानेवारी, मंगळवार

सत्यानाश.

गडद रंग खालच्या खणाला लावला आणि तो थेंबाथेंबाने गोळा झाला. अळूच्या पानावर पाणी राहतं तसा. पुसला तर कुठे काळा, कुठे कोरा. मी ब्रश फेकला, तो बाल्कनीच्या ग्रिलमधून खाली एका स्कूटरवर पडला, मग खाली जाऊन त्या माणसाचं ऐकून घ्यावं लागलं.

आय शांत. "होतं असं," म्हणाली. "परत घास. घाई काय हाय?" चहासुद्धा तिनेच करून दिला, डाव्या हाताने. माझ्या आयला माझी चूक दिसली आणि ती ओरडली नाही, असं लहानपणापासून कधी झालेलं नाही. म्हातारी होत चालली, दुसरं काय.

१४ जानेवारी, बुधवार

तुळिंजला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, सागवानात मुळातच तेल असतं, थिनरने पुसून घ्या. थिनर घेतलं. घरी येऊन परत घासायला सुरुवात.

रेमंडची सध्या सेकंड शिफ्ट आहे, म्हणजे सकाळी तो घरीच लोळत असतो. त्याला म्हटलं, जरा लक्ष ठेव, आय एकटी असते, कपाटाला धूळ नको. "ठेवतो ना लक्ष," म्हणाला. कसलं ठेवतो. पेपर डोक्यावर घेऊन झोपत असणार.

१९ जानेवारी, सोमवार

दुसऱ्यांदा तेच. कालची दुपार थिनरने पुसण्यात घालवली. डोकं गरगरलं, वहिनींनी वासाची तक्रार केली. आज रंग लावला, परत डाग. या वेळी खालचे दोन्ही खण.

विचार करून करून शेवटी लक्षात आलं. बा होडीला दरवर्षी माशाचं तेल लावायचा. उरलेलं तेल तो या कपाटाला फासत असणार, आतपर्यंत मुरलं असणार ते. आयला विचारलं.

"हो, लावायचा तं," ती लगेच म्हणाली. "दर पावसाळ्याआधी. भरपूर."

बघा. दुकानदाराला कळलं नाही ते मला कळलं. पण माशाचं तेल एवढ्या वर्षांनी घाण मारायला हवं, तसा काही वास येत नाही. उलट खोबरेलाचाच येतो. तो आयच्या हाताचा. दिवसभर बाजूला बसून चोळत असते.

संध्याकाळी दवाखान्यात एका पेशंटवर विनाकारण खेकसले. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

खोबरेलाची बाटली संपली. नवीन होती. आयला म्हटलं, मनगटाला लावतेस की आंघोळ करतेस? ती म्हणाली, हाडात जिरतं.

रेमंड रात्री कामावरून येताना न सांगता मोठी बाटली घेऊन आला. एरवी मीठ आण म्हटलं तर तीन फोन करावे लागतात. विचारलं, कसं काय सुचलं? तर म्हणतो, "सासूबाईंच्या हाताला आराम पडतोय ना." मला बरं वाटलं, खोटं का बोलू. आयला तो आवडत नाही असं नाही, पण ती त्याच्यासमोर अजून डोक्यावरचा पदर सारखा करते आणि त्याचं ताट वाढून झाल्याशिवाय स्वतः बसत नाही. त्याच्या घरात आहे म्हणून. किती वेळा सांगितलं की घर दोघांच्या नावावर आहे. तिला ते पटत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झालं. लागला रंग.

आज सुट्टी. काल मिस्सा झाल्यावर दिवसभर घासलं आणि आज सकाळी झेंडावंदन करून आले ते सरळ कपाटाला भिडले. खालचा खण गडद, त्यावरचा एक पायरी फिका, मधला सांधा ओल्या फडक्याने मिसळला. रंग असा आत गेला की मी स्वतःच बघत बसले. काय वेगळं केलं ते कळत नाही. तोच रंग, तोच ब्रश, तीच मी. फक्त काल-आज दवाखाना नाही, कपाटापासून फारशी हललेच नाही.

आय मात्र आज अस्वस्थ. उठ-बस, उठ-बस. दोनदा म्हणाली, "तुला बाजारात नाय जायचं? कोथिंबीर संपलीय." रेमंड म्हणाला, मी आणतो. तर म्हणे, तुला चांगली ओळखता येत नाय. अख्खं आयुष्य माशाच्या बाजारात काढलं, कोथिंबिरीसाठी एवढा जीव.

तिला दाखवलं. "चांगलं झालंय," म्हणाली आणि उठून आत गेली. एवढंच. मी काय अपेक्षा केली होती कोण जाणे. जेवताना विचारते, "म्हंजे आता दोनच खण राहिले?"

२९ जानेवारी, गुरुवार

तिसरा खण बिघडला. रडू येतंय आणि चीडही. बा, कसलं रे तेल लावलंस.

१ फेब्रुवारी, रविवार

आज आयला घेऊन अर्नाळ्याला गेले. घर उघडून हवा द्यायला हवी होती. नंदाखालच्या रस्त्याने गेलो, केळीच्या बागा बघून आय जरा खुलली, कोणाची वाडी कोणी विकली ते सांगत होती.

पॉलिन आणि दोघी-तिघी जमल्या. आयने सगळ्यांना सांगितलं, "राखेच्या बुधवारी मी हाय इथं. कपाट होतंय तेवढं. पोरीनं हट्ट धरलाय म्हनून थांबले." आवाज अगदी खणखणीत. मला वाटलं, घरचं वारं लागलं, आता ही कशाला परत येते.

पण ती ओट्यावरच बसून राहिली. आत आली ती फक्त देव्हाऱ्यापाशी, मेणबत्ती लावली आणि लगेच बाहेर. मोरीची फरशी मी घासून काढली, पकडायला दांडा लावून घेऊ म्हटलं, तर तिने तिकडे बघितलंही नाही. लघवीला पॉलिनकडे गेली. आपली मोरी असताना. मी विचारलं तर म्हणाली, पॉलिनशी बोलायचं होतं.

बा होडीच्या वल्ह्यांना तेल लावायचा ते डबे मागे पडवीत अजून आहेत. मी म्हटलं, याच तेलाने माझा जीव घेतलाय. पॉलिन म्हणाली, कसा काय? मी सांगितलं. तेव्हा आय म्हणाली, "त्यानं जल्मात कधी त्या कपाटाला हात लावला नाय. त्याला भांग पाडायला पन आरसा लागत नव्हता." सगळ्या हसल्या. मीही हसले. बाला खरंच कंगवा माहीत नव्हता.

परतताना रिक्षात तिने डोकं मागे टेकलं. "चल लवकर घरी," म्हणाली. "रेमंड भुकेला असंल." पोचेपर्यंत झोपून गेली होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आय तापाने आडवी. सर्दी, अंगदुखी, विशेष काही नाही, डॉक्टरांनी बघितलं. मंगळवारपासून अमिषाच्या खाटेवर पडून आहे. रेमंड सकाळी तिला पेज करून देतो, ती संकोचाने अर्धीच पिते.

आणि या चार दिवसांत तिसरा खण झाला, चौथा झाला, आरशाची चौकटसुद्धा झाली. घासलं, लावलं, लागलं. एक डाग नाही. आय बाजूला बसून सूचना देत नसली की माझा हात चालतो, हे सिद्ध झालं. तिला सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी झोपले आन तू उरकून घेतलंस."

उरकून काय घेतलंस. जसं काही मी चोरी केली.

८ फेब्रुवारी, रविवार

कपाट सुंदर झालंय. हे मी म्हणत नाही, वहिनी म्हणाल्या, वरच्या मजल्यावरची डायना म्हणाली, अमिषाने फोटो बघून पाच बदाम पाठवले. खालून काळोखातून वर उजेडात यावं तसा रंग. सांधा शोधून सापडत नाही. आता सुकलं की वरून चकाकीसाठी लॅकरचे दोन हात, आणि आरसा बसवायचा. बस.

आनंद व्हायला हवा. तर सकाळपासून माझी नुसती चिडचिड. भात करपवला. रेमंडच्या शर्टाचं बटण लावताना सुई बोटात घुसवली.

कारण माझा बेत फसला. कपाट झालं तरी आय म्हणाली नाही की राहू दे इथेच. ती म्हणाली, "जॉयलला सांग मंगळवारी टेम्पो घेऊन यायला. बुधवारी मना देवळात पायजे." मीही ताडकन फोन लावला आणि सतरा तारखेच्या मंगळवारचा टेम्पो ठरवून टाकला. तिच्यासमोर. बघते काय म्हणते म्हणून. तिने मान हलवली आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते ते.

रेमंड म्हणाला, "सरळ सांग ना तिला, राहा म्हणून."

"ती म्हणू दे की राहते. मी कशाला अपमान करून घेऊ?"

"दोघी एकाच माळेचे मणी आहात," म्हणाला आणि टीव्ही लावला. मग मी त्याच्याशी भांडले. भांडायला काही कारण नव्हतं, तरी भांडले. ती मोरी सारखी डोळ्यांपुढे येते. मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी डोकं आपटलं तर? हे तिला कळत नाही का? एवढं कसलं त्या घराचं वेड.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रंग सुकला. लॅकर आणून ठेवलं. आयला शेवटचं सांगितलं, आता तर अजिबातच हात लावू नकोस, यावर तेलाचा हात लागला तर लॅकर बसायचं नाही, सोलून येईल, परत पहिल्यापासून. ती म्हणाली, "पहिल्यापासून म्हंजे पार लाकडापासून?" मी म्हटलं, पार लाकडापासून. किती वेळा सांगायचं माणसाने.

रविवारी लॅकर लावणार होते, पण आता वाटतंय सोमवारी दुपारी लावावं. सोमवारी म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. घाई काय आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

डॉक्टरांच्या घरी कोणीतरी वारलं, दवाखाना उघडल्या उघडल्या बंद केला. मी अकराच्या सुमारास घरी. लॅचची किल्ली लावून आत आले. आय कपाटासमोर स्टुलावर, माझ्याकडे पाठ. खाली वाटी. हातात रेमंडच्या जुन्या बनियनचं फडकं. वरच्या खणावरून ते फिरवत होती, रेघेरेघेने, मला शिकवलं तसं, आणि तोंडाने हळूहळू देवळातलं माऊलीचं गाणं म्हणत होती.

आधी वाटलं, धूळ पुसतेय. मग वास आला.

मग एकेक दिवस डोक्यात लागत गेला. तेरा तारीख, एकोणीस तारीख, संपलेली बाटली, सव्वीसची सुट्टी, ताप. थिनरने माझं डोकं भणभणलं ते. पडवीतले डबे, बिचाऱ्या बावर मी घातलेला आळ.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. खांदे गेले माझे, नखं गेली, पंधरा-पंधरा दिवस घासतेय मी वेड्यासारखी, आणि तू. वहिनींनी दार उघडून परत लावून घेतलं ते ऐकू आलं.

आय वळली नाही. "हाताला लावत होते," म्हणाली.

"फडक्याने?"

तिने फडकं वाटीत ठेवलं. खणाच्या मुठीशी बोटाने चाळा करत बसली. मग त्या खणालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "झालं की जावं लागंल ना."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "तुलाच जायचंय. आल्यापासून बुधवार बुधवार लावलंयस. टेम्पो तू सांगायला लावलास."

"मग काय करू? लेकीकडे कोन तोंडानं म्हनतं, मना ठेव म्हनून? कपाट होतं तवर कारन होतं. आन तू तरी कधी म्हनलीस, राहा?"

"म्हटलं होतं. बा गेला तेव्हा. तू फाडून खाल्लंस मला."

"तवा मी पडले नव्हते." आता ती वळली. चेहरा सगळा ओला. "मना त्या मोरीत जायची भीती वाटते, प्रिस्का. त्या दिवशी किती हाका मारल्या. भरतीचा आवाज होता, कोनाला ऐकू गेलं नाय. मी तुलाच मारत होते हाका. तू इथं, तरी तुलाच."

मी तिथेच फरशीवर बसले, दवाखान्याच्या कपड्यांत, आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. माझी आय माझ्या डोक्यावर हात फिरवत होती, त्या हाताचं सगळं तेल माझ्या केसांना लागलं. मी म्हटलं, राहा. कपाट होवो न होवो. तुझी खाट आहे, तुझं घर आहे, राहा.

"आन रेमंडला काय वाटंल?" ती म्हणाली. "तो बोलायचा नाय. पन त्याच्या घरात म्हातारी कायमची. त्याच्या मनात येनारच."

तेवढ्यात किल्लीचा आवाज. आयने घाईघाईने पदर सारखा केला. रेमंड बाजारातून आला होता. एका हातात बोंबलांची पिशवी. त्याने मला बघितलं, तिला बघितलं, खाली वाटी आणि स्वतःचं बनियन बघितलं. आडवा होऊन कपाटाला वळसा घातला, आणि दुसऱ्या हातातली खोबरेलाची बाटली कपाटावर ठेवली.

"कालच तळाला गेली होती, आई," म्हणाला. "आज पुरली नसती."

महिनाभर रोज सकाळी हा घरात होता. आय त्याच्याकडे बघतच राहिली. तो बोंबील धुवायला आत निघून गेला.

थोड्या वेळाने जॉयलचा फोन. उद्या किती वाजता येऊ, कपाट तयार आहे ना? मी आयकडे बघितलं. तिने नाक पुसलं, डोळे पुसले, घसा साफ केला.

"त्याला सांग," म्हणाली, "लाकूड जुनं हाय. वेळ लागंल."

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

इथल्याच देवळात राख घेतली. अनोळखी फादरकडून. आय म्हणाली, राख सगळीकडे सारखीच. पॉलिनला तिने फोनवर सांगितलं की पोरीला पॉलिशचं काही जमत नाही, दर वेळी बिघडवते, म्हणून थांबावं लागतंय. मी शेजारी उभी राहून ऐकून घेतलं.

वरच्या खणावर तिच्या फडक्याचा तेलकट पट्टा आहे. तिथे लॅकर बसणार नाही. मी पॉलिश पेपर हातात घेतला आणि परत ठेवून दिला. आरसा मात्र चढवला. रेमंडने आणि मी मिळून कपाट अमिषाच्या खोलीत सरकवलं, आता हॉलमध्ये सरळ चालता येतं, पण सवय झाल्यामुळे आम्ही अजून आडवे होऊनच जातो.

दुपारी आयने निळी पिशवी खाटेवर उपडी केली. साड्या खालच्या गडद खणात गेल्या, झंपर त्यावर, औषधं आणि रोझरीची माळ वरच्या खणात. पिशवी झटकून, घडी करून तिने मला दिली, भाजीला ने म्हणाली. मी म्हटलं, एक खण तरी मला ठेव, एवढं घासलंय मी.

ती म्हणाली, बघू, जागा उरली तर.